चार नंबरचा लोखंडी रंधा : अकरा महिने वापरल्यावर

आधी घर सांगते, म्हणजे माझं मत कुठून येतंय ते कळेल. पुण्यात, धायरीत दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. माझा कारखाना म्हणजे हॉलबाहेरची गॅलरी, ९ फूट बाय साडेचार, त्यातला एक कोपरा वॉशिंग मशीनचा. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा १९ महिन्यांचा. कामाची वेळ म्हणजे धाकट्याची दुपारची झोप. दीड ते अडीच, नशीब जोरावर असेल तर पावणेतीन. अशा झोपांमधून (आधी मोठीच्या, मग धाकट्याच्या) गेल्या तीनेक वर्षांत तीन पाट, एक चौरंग, पुस्तकांचं बुटकं कपाट आणि खाली बसून लिहायचं डेस्क एवढं सामान झालंय. सुतारकी कुणाकडे शिकलेली नाही. चुकत चुकत जमवलंय, आणि पहिल्या पाटाखाली अजून कागदाची घडी सारावी लागते.

रंधा, म्हणजे लाकूड हाताने तासून गुळगुळीत करायचं अवजार, घेण्याआधी माझ्याकडे लाकूड घासायचं विजेवरचं गोल पॉलिश मशीन होतं. आहे अजून, माळ्यावर. मशीन वाईट नाही. पण ते चालू केलं की दहाव्या मिनिटाला धाकटा पाळण्यात उठून बसायचा, आणि अर्धवट झोपेतून उठलेलं पोर संध्याकाळपर्यंत किती छळतं ते ज्याच्या घरी आहे त्यालाच माहीत. आवाजाचं एक वेळ निभावलं असतं, धुळीचं नाही. मशीनला लावलेल्या पिशवीत जाडी धूळ जमते, बारीक तशीच उडते. ती वाळत घातलेल्या लंगोटांवर बसते, पाण्याच्या माठाच्या झाकणावर बसते. लाकडाची धूळ कॅन्सरला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ सालीच तसं नोंदवलंय. कारखान्यात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांवरून काढलेला निष्कर्ष आहे तो, माझ्या तासाभराच्या कामाला जसाच्या तसा लागू होत नाही, हे कळतं मला. पण रांगणारं मूल फरशीवरचं सगळं आधी हाताला आणि मग तोंडाला लावतं. मास्क मी लावीन, त्याला कोण लावणार?

म्हणून रंधा. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला एका हार्डवेअरच्या दुकानातून घेतला. १,७५० रुपये. दुकानदाराने खोकं काउंटरवर ठेवून सांगितलं, "मिस्टरांना विचारून घ्या कुठला पाहिजे, नंतर बदलून मिळणार नाही." मी म्हटलं, "मिस्टरांना करवत आणि कंगवा यातला फरक कळतो, तेवढं पुरे." तो हसला नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी नंतर चौकशी केली तेवढ्यावरून या किमतीतल्या रंध्यांची कहाणी साधारण एकच दिसते. नंबर मात्र महत्त्वाचा. अमेरिकेतल्या लिओनार्ड बेली नावाच्या माणसाच्या लोखंडी रंध्यांचे हक्क स्टॅनले कंपनीने १८६९ साली विकत घेतले, तेव्हापासूनची ही नंबरांची पद्धत आजही दुकानात चालते. चार नंबर म्हणजे साधारण साडेनऊ इंच लांब, पातं दोन इंच रुंद. पाच नंबर चौदा इंची. सुतार पाच नंबर घ्या म्हणतात, कारण लांब रंधा उंचवट्यांवरून जातो आणि फळी सरळ करतो. छोटा रंधा उंचसखल भागात उतरतो आणि तिथेच गुळगुळीत करत बसतो. त्यांचं बरोबर आहे. मी चार घेतला कारण माझ्या फळ्या क्वचित तीन फुटांच्या वर जातात आणि माझं मनगट बाळंतपणानंतर अजून कुरकुरतं.

खोकं उघडल्यावर पहिला दिवस निव्वळ फजितीचा. आत तेलकट कागदात गुंडाळलेला रंधा, सोबत ना माहितीपत्रक ना काही. पातं बसवलं, सागाच्या तुकड्यावर ठेवला, ढकलला. एक तर नुसताच घसरायचा, नाहीतर रुतून बसायचा आणि ढपली निघायची. मला वाटलं फसवलं गेलं. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या तरी किचन ट्रॉल्यांचं काम चालू होतं, तिथल्या मिस्त्रीकाकांना नेऊन दाखवला. त्यांनी पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाले, "ताई, गाडी शोरूममधून आणली तरी पेट्रोल आपणच भरतो ना? याला धारच नाही. धार आपण लावायची असते." मग रंधा उलटा करून उजेडाकडे धरला, तळावर गुण्याची (काटकोन तपासायच्या पट्टीची) कड टेकवली आणि मला बघायला लावलं. मधोमध उजेडाची बारीक फट. तळ पोटात खपाट होता.

तेव्हा हे आधीच मोजून ठेवा : रंध्याचे पैसे आणि वर चार दुपारी.

तळ सपाट करायला सपाट दगड लागतो. माझ्याकडे ओट्याच्या ग्रॅनाइटमधून सिंकसाठी कापलेला तुकडा होता, तुळशीखाली ठेवलेला. त्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला. पातं आत ओढून घेतलं, पण काढलं नाही, कारण पातं आवळलेलं असताना तळाला जो ताण येतो त्यासकटच तो सपाट व्हायला हवा. मग घासायचं. किती घासायचं ते कळण्यासाठी तळावर मार्करने रेघा मारतात. रेघा सगळीकडून पुसल्या गेल्या की तळ सपाट. रेघा मारायचं काम मी मुलीला दिलं आणि तिने रेघांऐवजी घर, सूर्य आणि दोन वेण्यांची मुलगी काढली. घर आणि सूर्य दोन मिनिटांत गेले. वेण्यांची मुलगी बरोबर पोटातल्या खड्ड्यात आली होती, ती काही जाईना. तिसऱ्या दुपारी तिच्या एकेक करून वेण्या गेल्या, मग पाय. चौथ्या दुपारी फ्रॉक गेला तेव्हा माझी मुलगी हिरमुसून म्हणाली, "आई, तू तिला सगळंच पुसलंस." दुसऱ्या दिवशी तिला १२० आणि २२० नंबरचे कागद फिरवायला दिले तेव्हा राग गेला.

पात्याची धार त्यामानाने सोपी. जाड काचेच्या तुकड्यावर ४००, १००० आणि २००० नंबरचे पाण्यात चालणारे कागद. आधी पात्याची पाठ टोकाकडे इंचभर आरशासारखी करायची. मग उतार. कारखान्यातून उतार २५ अंशांचा येतो, टोकाला किंचित उभा धरून ३० अंशांवर घासलं की धार टिकते. मागच्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागली की धार दुसऱ्या बाजूला पोचली असं समजायचं, पाठ सपाट ठेवून ती खरखर काढायची. वर्तमानपत्राचं पान हवेत धरून कापलं गेलं तर झालं. आता मला या सगळ्याला दहा मिनिटं लागतात, भात शिजेपर्यंत होतं.

आणि मग तो पहिला छिलका. टिंबर मार्केटमधून आणलेल्या जुन्या खिडकीच्या चौकटीचा तुकडा होता, वरून राखाडी, मेलेला वाटणारा. रंधा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुर्रकन गेला, आणि वरच्या फटीतून एक सलग पट्टी वळत वळत वर आली. इतकी पातळ की तिच्यातून गॅलरीचे गज दिसत होते. खाली लाकूड मधासारखं. सगळ्या गॅलरीत जुन्या कपाटाचा, सागाच्या तेलाचा वास. पोरगी ओरडली, "केळ्याचे वेफर्स!" आणि धाकटा उठला. पण रंध्याने नाही उठला, हे नोंदवून ठेवते.

आवाजाबद्दल खरं ते सांगायला हवं. रंधा गुपचूप चालतो हे निम्मंच खरं. त्याचा स्वतःचा आवाज काही नाही, पण लाकूड कशाला तरी टेकवावं लागतं. माझ्याकडे सुताराचं बाकडं नाही. मी एका फळीच्या टोकाला आडवी पट्टी ठोकून ती फळी जमिनीवर ठेवली, गॅलरीच्या भिंतीला टेकवली आणि समोर मांडी घालून बसले. प्रत्येक फटक्याला भिंतीला दणका. आठवड्याने खालच्या आजी जिना चढून आल्या. म्हणाल्या, "रोज दुपारी कसलं पुरण वाटतेस गं? आणि एकदाही पोळी खाली येत नाही." तेव्हापासून फळीमागे जुन्या सतरंजीची चौघडी घालते, आणि होळीला आजींकडे पोळ्या पोचवल्या. या सतरंजीशिवाय रंध्याला 'बिनआवाजी' म्हणणं फसवणूक ठरेल.

मला हे अवजार आवडायचं खरं कारण आवाजही नाही आणि तो छिलकाही नाही. ते कुठल्याही क्षणी खाली ठेवता येतं. लहान मुलं असलेल्या घरात अवजाराची परीक्षा एवढीच असते, असं माझं मत झालंय. फेव्हिकॉल लावला की पुढची दहा मिनिटं तुम्ही त्याच्या ताब्यात असता. जोड बसवायचा, शिकंजे आवळायचे, गुण्या लावून बघायचं, आणि त्यात कुणी "आई, शी झाली" म्हटलं तर जोड वाकडा वाळणार. पॉलिश मशीनचं काम थांबवता येतं, पण मागे धूळ राहते, ती पुसल्याशिवाय मुलाला गॅलरीत सोडता येत नाही. रंध्याचं तसं नाही. फटका अर्धा राहिला तर राहिला. पातं आत घ्यायचं, रंधा कठड्यावरच्या खोक्यात ठेवायचा, छिलके पायाने बाजूला सारायचे आणि जायचं. परत आल्यावर लाकूड जिथे होतं तिथेच असतं. म्हणून माझ्याकडे आता वाटणी झालीये : रंधा दुपारचा, फेव्हिकॉल रविवार सकाळचा, जेव्हा बाबा दोघांना घेऊन सारसबागेत जातो.

डेस्कचं उदाहरण देते. मुलगी भिंतीला पाठ लावून मांडीवर वही घेऊन लिहायची, तिच्यासाठी केलं. वरची फळी २४ बाय १५ इंच, तीन पट्ट्या जोडून. जोड रविवारी चिकटवला, पुढचा अख्खा आठवडा रोज थोडा थोडा रंधा मारून तिन्ही पट्ट्या एका पातळीत आणल्या. मग कडा. मुलांच्या सामानात मी कडांवर सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण धाकटा धडपडला की त्याचं कपाळ बरोबर डेस्कच्या कडेशी येतं. इथे रंध्याची खरी मजा आहे. आधी फळीच्या दोन टोकांच्या आडव्या कडा घ्यायच्या, रंधा ४५ अंशांत तिरका धरून, हलक्या हाताने. आडव्या कडेला शेवटी लाकूड थोडं फुटतंच, कोपऱ्यावरची एखादी ढपली उडते. उडू द्यायची. त्यानंतर लांबीच्या कडा घेतल्या की ते फुटलेलं कोपऱ्यातलं लाकूड आपोआप निघून जातं. उलट क्रमाने केलंत तर ती फूट कायमची राहते. मी चौरंगावर उलट केलं होतं. कोपरा हळदीकुंकवाच्या कोयरीने झाकते. चार-पाच फटक्यांत कड मोडते, मग कोन थोडा थोडा बदलत आणखी तीन-चार, की कड गोल. शेवटी पॉलिश पेपर हाताने फक्त दोन वेळा फिरवला. डेस्कला एकूण सात आठवडे लागले. मिस्त्रीकाका म्हणाले त्यांना दीड दिवस लागला असता. लागू दे.

रंधा मारून गुळगुळीत केलं म्हणजे लाकूड आपलं ऐकायला लागलं असं मात्र समजू नका. दुसऱ्या पाटाखालच्या दोन आडव्या पट्ट्या मी पूर्ण लांबीभर फेव्हिकॉलने चिकटवल्या होत्या. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. पाट आटायला बघत होता, पट्ट्या आटू देत नव्हत्या. मे महिन्यात एका रात्री काड्कन आवाज आला, आम्हाला वाटलं मांजर आलं. सकाळी पाटाला उभी भेग. आता मधल्या स्क्रूला घट्ट भोक आणि बाजूच्या स्क्रूंना लांबट भोकं ठेवते, हलायला जागा.

आता तक्रारी. पातं खाली-वर करायचं जे पितळी चाक आहे ते दीड फेरा नुसतंच फिरतं, मग पकडतं. सवय होते, पण चीड येते. मागच्या मुठीवर इतकं जाड चकचकीत पॉलिश होतं की दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आला. काचेच्या तुकड्याने खरवडून काढलं, आता मूठ हातात बसते. पावसाळ्यात तीन दिवस हात लावला नाही तर तळावर तांबूस ठिपके. शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवून ठेवते. प्लायवूडवर याला वापरू नका, प्लायमधला वाळलेला गोंद धार खाऊन टाकतो आणि वरचा पापुद्रा कागदाएवढा असतो. आंब्याच्या लाकडावरही जपून. त्याची रेष मध्येच उलटी फिरते, आणि उलट्या रेषेवर रंधा मारणं म्हणजे मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवणं, ओरखडा ठरलेला. अशा वेळी पात्यावर बसणारी दुसरी लोखंडी पट्टी धारेच्या अगदी टोकाशी, अर्ध्या मिलिमीटरवर आणली की फाटणं बरंच कमी होतं. हे मला सहाव्या महिन्यात कळलं, तोपर्यंत मी आंब्यालाच शिव्या देत होते.

जुन्या लाकडाचं एक वेगळंच. टिंबर मार्केटमध्ये किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात पाडलेल्या वाड्यांच्या चौकटी, फळ्या मिळतात. साग पन्नास-साठ वर्षं वाळलेला, नव्यापेक्षा शहाणा. पण आत मोडलेले खिळे असतात. माझ्या पात्याला एक खाच अशीच पडली, ती घालवायला तीन भात शिजले. आता जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक दोऱ्याला बांधून आधी लाकडावरून फिरवते. आणि जुना ऑइल पेंट दिसला की तो तुकडा मी घेतच नाही. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात काय असेल त्याचा भरवसा नाही, आणि तो घासून, तासून गॅलरीत उडवायचा प्रयोग दीड वर्षाच्या पोरासमोर करायचा नाही.

सुरक्षेबद्दल विचारलं जाईल म्हणून. रंध्याचं पातं खाली, तळाच्या आत असतं, त्यामुळे करवत किंवा पटाशीपेक्षा मला याची भीती कमी वाटते. भीती वजनाची आहे. पावणेदोन किलोचं बीड (ओतीव लोखंड) पायावर पडलं तर पायाचं जे व्हायचं ते होईल, आणि फरशीवर पडलं तर रंधा तडकेल, बीड वाकत नाही, फुटतं. धाकट्याला ते पितळी चाक फार आवडतं. तो जागा असताना रंधा बाहेर नसतो, एवढा एकच नियम मी पाळते. छिलके मात्र त्याला खेळायला देते. आधी एकदा त्याने खाऊन बघितला, तोंड वेडंवाकडं केलं, तेव्हापासून नुसते उडवतो. मोठीने त्यांची बाहुलीची गादी केलीये.

पैसे वसूल झाले का? माझे झाले. ज्यांना एकच टेबल करायचंय आणि विषय संपवायचाय त्यांनी घेऊ नये, मिस्त्रीला बोलवावं, स्वस्त पडेल. ज्यांना चार दुपारी तळ घासायचा धीर नाही त्यांनीही नाही. ज्यांचा दिवस वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत फाटलेला आहे त्यांनी घ्यावा. पाचपैकी चार, मूठ आणि चाकासाठी एक कापला.

घ्यायला जाताना पर्समध्ये पोलादी पट्टी न्या. तळावर आडवी, उभी आणि तिरकी टेकवून उजेडाकडे बघा, किंचित फट चालेल, नख जाईल एवढी नको. पात्याखालची बैठक हलत नाही ना बघा. मागची मूठ धरून हलवा. गेल्या महिन्यात नाशिकच्या नणंदेसाठी त्याच दुकानातून दुसरा घेतला, तेव्हा मी तीन खोकी उघडायला लावली आणि तिसऱ्यातला घेतला. या वेळी मिस्टरांचं नाव कुणी काढलं नाही.